मालाच्या पारड्यात

आमच्या शेडमध्ये चारच वजनं होती.
एक, तीन, नऊ, सत्तावीस.
सत्तावीसचं बिडाचं, बंद गिरणीच्या चाकातून ओतून घेतलेलं,
कडेला टवका उडालेला.
तेवढ्यापुरता नाना त्याला तारेनं एक नट बांधायचे.
वजनमापवाला आला की चारी वजनं पोत्याखाली,
असली मापं कायद्यात बसत नाहीत म्हणून.
सुताची गाठ मात्र ह्यांच्यावरच पडताळायची.

"चौघांत चाळीसपर्यंत सगळं मोजतो," म्हणायचे.
मी दुसरीत असेन. म्हटलं, पाच मोजा.
त्यांनी नऊचं इकडे ठेवलं,
तीन आणि एक तिकडे, सुताच्या शेजारी.
काटा मधोमध उभा.
"मालाच्या पारड्यात बसलं की वजन उणं होतं, बिड्डा."

जकार्डच्या पत्त्याला दोनच गोष्टी कळतात,
भोक आहे, भोक नाही,
आणि तेवढ्यावर चादरीत मोर उठतो.
वजनाला तीन कळतात:
इकडे, तिकडे,
नाहीतर कोपऱ्यात, कोणी न उचललेलं.

पुढे मी कन्ना चौकाजवळच्या शाळेत गणित शिकवू लागले.
घरी तेलुगू, वाण्याकडे कन्नड, फळ्यावर मराठी,
आणि आठवीच्या वर्गाला शेवटच्या तासाला
तिनाच्या पायातल्या संख्या.
अंक तीनच. शून्य, एक, दोन.
तीन लिहायचे तर एकावर शून्य.
श्रीशैल उठला : "शून्यावर संपते ती सम ना, मॅडम?"
ती दहाची सवय, बाबा.
इथे शेवटच्याला काही माहीत नसतं.
सगळ्या अंकांची बेरीज कर, ती सम तर संख्या सम.
सगळ्यांना विचारावं लागतं इथे.
रुमाना वहीभर वर्ग लिहून आली,
चार म्हणजे एक एक, सोळा म्हणजे एक दोन एक,
पंचवीस, एकोणपन्नास, चौसष्ट,
दोनावर संपणारा एकही नाही.
"कुठे लपतो तो दोन?" डोळे लाल, रात्री आईबरोबर विड्याही वळलेल्या.

नाना ऐंशीचे झाले त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं
२२२२.
सगळी घरं काठोकाठ.
आता एक मिळवला की चारी रिकामी,
आणि डावीकडे नवा एक.
मुलं म्हणाली, लिहा की.
डावीकडे जागाच ठेवली नव्हती मी.
एक्क्याऐंशी लागलं आणि दिवाळीच्या आत नाना गेले.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात पंखा बंद होता.
सत्तय्यानं कागद वाचला :
शेड, बारा माग, मोटारी, मीटर,
सत्तय्या आणि दशरथ, निम्मे निम्मे.
भूदेवी भ्र. अंबादास हिने
कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने...
अंगठा मशीनवर ठेवताना मला हसू आलं.
नानांच्या हिशेबात तिसरा हिस्सा एका अंकात मावतो :
पॉइंट एक. झालं.
निम्मं मात्र कधी संपत नाही,
पॉइंट एक एक एक एक एक
दोघं भाऊ लिहीत बसणार जन्मभर.
"काय झालं, अक्का?"
काही नाही. सही कुठे?

वजनं भंगारात टाकू म्हणत होता दशरथ.
मी मागून घेतली.
रिक्षात पायाशी चाळीस किलो,
अशोक चौकाच्या चढाला रिक्षा दमली,
ड्रायव्हर आरशातून बघत : "लोखंड काय हो, मॅडम?"
मी हो म्हटलं.
कोणत्या पारड्यात होते मी इतकी वर्षं,
ते त्या चढावर कळलं.
सुताच्या शेजारी.
तिथून मला उचललं असतं
तर काटा मधे आला नसता, एवढंच.

घरी येऊन गॅलरीत मांडली, लहानापासून मोठ्यापर्यंत.
सत्तावीसची तार तुटली होती.
ओढणी झटकली, पिशवी उलटी केली,
खाली जाऊन गटाराच्या कडेपर्यंत पाहून आले.
नट रिक्षातच राहिला असणार.